सीनेपलीकडचे ताट

करमाळ्याच्या कसब्याला परदेश गाठण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे. तालुक्याच्या पूर्व अंगाने सीना नदी वाहते, आणि १९४८ साली निजामाचे संस्थान भारतात सामील होईपर्यंत तिच्या पलीकडे जो परांड्याकडील मुलूख लागे, त्याला आमच्या भागातील जुनी माणसे ‘मोगलाई’ म्हणत असत. तेथे रुपया हाली सिक्क्याचा, कचेरीचा कागद उर्दूत लिहिलेला, जकातीचे नाके निराळे आणि अंमलदारांची नावे व हुद्देही निराळे. परंतु चुलीवर तीच शाळूची भाकरी, तव्यात तेच पिठले आणि बाजाराच्या दिवशी तोच मिरची-लसणाचा ठसका. राज्य बदलले तरी ताट बदलत नाही, हा पहिला भूगोल करमाळ्याच्या पोराला शाळेत न जाताच कळत असे; आणि राज्य तेच असूनही ताट बदलते, हा दुसरा भूगोल तो पुण्यास शिकावयास गेला म्हणजे कळत असे.

शिक्षणासाठी परमुलखात गेलेल्या माणसाने तेथे काय खाल्ले, कोणाच्या घरी खाल्ले आणि ते त्याला रुचले की नाही, ही चौकशी इतिहासाच्या अभ्यासकांना आजवर क्षुद्र वाटत आलेली आहे. विद्वानाची पदवी, प्रबंधाचा विषय, परत आल्यावर मिळालेला हुद्दा यांची नोंद चरित्रकार तत्परतेने करतात. ताटाची नोंद करावयाची तर ती एखाद्या पत्रात नाहीतर मागाहून सांगितलेल्या आठवणीत ओझरती सापडते. अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे माझ्या मनात एक गोष्ट पक्की होते. परक्या देशाच्या अन्नाची गोडी कोणास लागली आणि कोणास ते विषासमान वाटले, याचा निवाडा त्या अन्नाच्या चवीने क्वचितच झालेला आहे. गावच्या पंगतीत त्या माणसाचे पान कोठे मांडले जात होते, किंबहुना मांडले जात होते की नाही, यावरच तो बहुतेक वेळा झालेला आहे.

करमाळा हे गाव मुळातच परक्या धाटणीला वर्ज्य मानणारे नव्हे. अठराव्या शतकात निजामाच्या पदरी सरदारी करणाऱ्या रावरंभा निंबाळकर यांच्या जहागिरीत हा प्रदेश होता, आणि येथील भुईकोट किल्ला व गावाबाहेर देवीच्या माळावरील कमलाभवानीचे देवालय ही त्या घराण्याचीच करणी होय. देवी तुळजापूरची, तुळजाभवानीचेच हे दुसरे ठाणे अशी लोकांची श्रद्धा आहे, परंतु तिच्या प्राकाराच्या दरवाजांवर जी गोपुरे उभी आहेत ती पाहून पंढरपूर-तुळजापूरच्या वाटेवरील यात्रेकरू क्षणभर थबकतो, कारण ती द्रविड देशाकडील धाटणीची आहेत. समोर महाराष्ट्रीय दीपमाळा, माथ्यावर दक्षिणी गोपुर, जवळच शहाण्णव पायऱ्यांची बारव, आणि हे सारे उभारणारा मराठा सरदार हैदराबादच्या दरबारी मानकरी. ज्याची चाकरी चार मुलखांत फिरली त्याच्या डोळ्याला चार मुलखांचे शिल्प रुचले, यात नवल ते काय! कार्तिकातल्या यात्रेला जमणाऱ्या माणसांनी त्या गोपुरांना कधी परके म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. डोळ्यांनी परके स्वीकारणे सोपे असते. जिभेने ते स्वीकारण्यास महाराष्ट्राला पुढील दीड-दोनशे वर्षे लागली.

हैदराबादचे आकर्षण मात्र आमच्या सीमाभागाला पुढेही राहिले. १९१८ साली तेथे उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि त्याचे अध्यापन उर्दूतून होऊ लागले, तेव्हा मोगलाईतील मराठी मुलांना आपल्याच राज्याच्या राजधानीत भाषेने परदेशी व्हावे लागले. चिंचेच्या आंबट वरणाची, बगाऱ्या वांग्यांची आणि इराण्याच्या दुकानातील दाट चहाची सवय त्यांना तेथे लागली ती याच काळात. विषयांतर होईल, पण सांगून टाकतो: याच तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१६ साली ‘सैराट’ काढला, त्यातील घर सोडून पळालेले जोडपेही अखेर हैदराबादच गाठते, आणि पाटलाच्या गावचा तो पोरगा तेथे एका बाईच्या गाड्यावर डोसे घालावयास शिकतो. चित्रपट पाहणारांनी प्रेमकथेवर अश्रू ढाळले. मला त्यातील तवा अधिक काळ लक्षात राहिला.

आता पुण्याकडे वळू. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५८ साली दिकसाळपर्यंत, १८५९ साली बार्शी रोडपर्यंत म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० साली सोलापुरास पोहोचला. करमाळा मार्गावर आले नाही; ते पाच-सहा कोस बाजूला राहिले आणि जेऊर हे त्याचे ठेसन ठरले. तेव्हापासून करमाळ्यातील ज्या घराला मुलगा शिकवावयाचा असे, त्या घरची बैलगाडी पहाटे जेऊरच्या वाटेला लागे. गाडीत मुलाची वळकटी, पत्र्याची पेटी आणि शिदोरी.

त्या शिदोरीची सिद्धता आदल्या आठवड्यापासून चाले. शाळूचे पीठ ताजे दळलेले पाहिजे, कारण शिळ्या पिठाची भाकरी थापताना काठाला चिरते. ती नेहमीपेक्षा पातळ थापून, तव्यावर शेकून, मग चुलीच्या भाणशीपाशी उभी करून निवत्या आहारावर इतकी वाळू द्यावयाची की तिच्यातील ओलाव्याचा अंशही उरू नये आणि मोडली तर कट्कन आवाज व्हावा. अशी कडक भाकरी पंधरवडाभर नासत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी. ती कुटावयाची म्हणजे भाजलेले दाणे, लाल तिखट, मीठ आणि सोललेला लसूण उखळात घालून मुसळाने इतका वेळ कुटीत राहावयाचे की दाण्यांचे तेल सुटून चटणीचा गोळा मुसळाला चिकटू लागावा. जी चटणी कोरडी भुरभुरीत राहिली ती कुटणारीच्या आळसाची साक्ष मानली जाई. येसराच्या पिठाची एक पुरचुंडीही बरोबर असे, म्हणजे नुसत्या उकळत्या पाण्यात ते कालवले तरी आमटीचे रूप येते. ही शिदोरी दहा-बारा दिवस पुरे. त्यानंतर पुणे सुरू होई.

पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याने पोट कसे भरावे याची एक पक्की वहिवाट होती. सात घरी सात वार लावावयाचे. आज सोमवार तर सदाशिव पेठेतील अमक्या वकिलांकडे, उद्या मंगळवार तर शनिवारातील तमक्या भिक्षुकांकडे, आणि ज्या वाराला घर मिळाले नसेल त्या वारी उपास नाहीतर मागील दिवशीचे उरलेले. ज्याला वारही मिळाले नाहीत तो माधुकरी मागे: दुपारी झोळी घेऊन पाच घरांपुढे उभे राहावयाचे आणि जो भात, जी भाजी, जे आंबलेले वरण पदरात पडेल ते एकत्र कालवून खावयाचे. या पद्धतीवर करुण लेखन पुष्कळ झालेले आहे, आणि तिच्यातील अपमान खराच होता. परंतु तिचा एक परिणाम करुणरसाच्या ओघात नजरेआड झाला. आठवड्यात सात स्वयंपाकघरांचे अन्न खाणारा मुलगा सात प्रकारच्या फोडण्या ओळखू लागे. कोकणस्थाघरच्या आमटीतील गूळ करमाळ्याच्या जिभेला प्रथम औषधासारखा वाटे, देशस्थाघरच्या काळ्या मसाल्याने त्याला गावची आठवण येई, कऱ्हाड्यांच्या घरी नारळ सढळ असे. आणि दोन वर्षांनी गावी परतल्यावर ‘आमटीत गुळाचा खडा टाक’ असे तो आईला सांगू लागला म्हणजे आई चुलीकडे पाहत म्हणे, ‘पोरगं पुणेकर झालं.’ त्याच दोन वर्षांत त्याने वसंत व्याख्यानमालेतील व्याख्याने ऐकलेली असत, १८८० नंतरचा असेल तर किर्लोस्कर मंडळींचे ‘शाकुंतल’ मागच्या रांगेत उभे राहून पाहिलेले असे, आणि १८९३ नंतरचा असेल तर सार्वजनिक गणपतीच्या मेळ्यात पदेही म्हटलेली असत. पोट वारांवर, कान फुकटच्या व्याख्यानांवर! पुणे त्याने असे खाल्ले.

परंतु हा सगळा शिरस्ता एका वर्णापुरता होता, हे येथेच स्पष्ट सांगणे अवश्य आहे. करमाळ्याच्या कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा मुलगा पुण्यास गेला असता तर त्याला वार देणारे घर नव्हते आणि त्याच्या झोळीत माधुकरी पडली नसती. ज्या पंगतीने एका मुलाला सात घरांच्या चवी शिकविल्या, तीच पंगत दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करीत होती. पुढे हे दोघेही समुद्रापलीकडे गेले, तेव्हा त्यांच्यापुढे एकच ताट आले तरी त्यांनी ते एकाच मनाने उचलले नाही, याचे मूळ येथे आहे.

परक्यांच्या हातच्या अन्नाचे पातक किती खरे मानले जात होते हे समजण्यास विलायतेस जाण्याचीही गरज नाही. पुण्याचे पंचहौद मिशन पुरे आहे. १८९० च्या ऑक्टोबरात त्या मिशनमध्ये व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे आली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला. परंतु उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि चहाच्या एका पेल्यावरून ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्काराचे भांडण उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत दाद गेली, प्रायश्चित्तांचे वाद वर्षानुवर्षे चालले. हा सर्व बनाव घडवून आणणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, आणि त्यांची थट्टा इतकी झोंबली याचे कारण असे की परदेशी अन्नाचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरात सर्वांच्या आधी येऊन गेलेला होता. डॉक्टर आनंदीबाई या त्यांच्या पत्नी.

आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीवर चढल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. निघण्यापूर्वी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत त्यांनी आपल्या जाण्याची कारणे इंग्रजीतून मांडली आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चय सांगितला. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, आणि न्यू जर्सीतील रोझेल या गावी थिओडिशिया कारपेंटर या बाईंच्या घरी त्यांनी उन्हाळा काढला. या बाईंना त्या मावशी म्हणत. तेथे त्यांनी एक मेजवानी दिली, ती या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते: स्वयंपाक स्वतः केला, कारपेंटरबाईंच्या घरातील व शेजारच्या स्त्रियांना लुगडी नेसविली, सर्वांना जमिनीवर बसविले आणि हाताने जेवावयास शिकविले. टेबल-खुर्चीवर वाढलेल्या, काटे-चमचे धरलेल्या त्या अमेरिकन बायकांनी वरण-भात बोटांनी कालविताना काय मौज अनुभवली असेल! परक्या देशात जाऊन तेथील पाहुणचार घेणारे पुष्कळ असतात; पहिल्याच उन्हाळ्यात यजमानाला पाहुणा करून टाकणारी ही मुलगी विरळा.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. कारपेंटरबाईंचे घर मागे राहिले. खोलीतील शेगडी नीट पेटत नसे, पेटली तर धूर आणि विझली तर गारठा. थंडीसाठी नऊवारी सोडून त्यांनी गुजराथी धर्तीचे लुगडे नेसणे पत्करले, पण शाकाहार सोडला नाही. शाकाहारी माणसाला त्या काळच्या फिलाडेल्फियात हिवाळ्यात काय मिळणार? ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या, पदवीदानास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. त्यांच्या आहाराच्या व्रताला कोणी हट्ट म्हणेल, कोणी निष्ठा. मला वाटते की ज्या समाजाने त्यांच्या परतीच्या वाटेवर प्रायश्चित्ताचा दरवाजा बांधून ठेवला होता, त्याने त्यांच्या ताटातले निम्मे अन्न आधीच काढून घेतलेले होते.

रमाबाईंचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणजे भ्रष्ट होण्याचे भय त्यांना उरले नव्हते; तरीही त्या मांसाहाराकडे वळल्या नाहीत, आणि धर्म बदलूनही अन्नाचा आग्रह का टिकावा असा प्रश्न त्यांच्या धर्मभगिनींना खटकत राहिला. त्यांना तो जातीचा अवशेष वाटला. रमाबाईंना ती स्वतःच्या मनाची मुखत्यारी वाटत असावी, असे मी समजतो. ज्या बाईने शास्त्र्यांचे ऐकले नाही ती बिशपांचे ऐकून थोडीच मटण खाणार होती! परंतु जिभेने दूर राहिलेल्या या बाईने डोळ्यांनी व बुद्धीने परदेश जेवढा चाखला तेवढा तिच्या काळच्या कोणा मराठी पुरुषाने चाखल्याचे दिसत नाही. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिका हिंडून त्यांनी बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकून घेतली, घरे पाहिली, बायकांच्या संस्था पाहिल्या, गोऱ्यांनी काळ्यांना दिलेली वागणूकही पाहिली, आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. जेऊरहून पुण्यास निघालेली गाडी भिगवण, दौंड मागे टाकून केडगावला थांबते; तेथील मुक्तिसदन त्यांचेच. करमाळ्याची किती पिढ्यांची मुले ते ठेसन खिडकीतून पाहत पुढे शिकावयास गेली आहेत.

पंगतीमागून पंगत बदलत गेलेला आणखी एक विद्यार्थी म्हणजे धर्मानंद कोसंबी; ते गोव्यातील साखवळचे. त्यांचा परदेश काशीपासून सुरू झाला, जेथे अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. तेथून बुद्धाच्या शोधात १९०२ साली ते सिंहलद्वीपास गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात श्रामणेर झाले. श्रामणेराला दुपार टळल्यावर अन्न वर्ज्य. म्हणजे नुसत्या पदार्थांचाच नव्हे, भुकेच्या वेळांचाही देशबदल. पुढे १९१० साली हार्वर्डला बोलावणे आले तेव्हा हा मनुष्य परक्या पंगतीला पुरता सरावलेला होता. छत्र, विहार आणि विद्यापीठ अशा तीन पंगती त्याने एका दशकात पाहिल्या. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मवृत्तात हा प्रवास वाचावा. दैन्याचे भांडवल न करता दैन्य कसे सांगावे याचा तो वस्तुपाठ आहे.

आणि आता जिच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला ती गोष्ट. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत वाट पाहणारा मुलगा २१ जुलै १९१३ रोजी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरला. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये भीमराव आंबेडकर आठवडाभरच राहिले. तेथील अन्न नीट शिजलेले नसे व त्यात गोमांस असे, म्हणून त्यांनी ती जागा सोडली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नमूद केले आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यात जिभेने तक्रार केली ती आनंदीबाईंसारखीच. पण पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासह ते राहू लागले, त्या वसतिगृहाच्या भोजनगृहात कोणीही त्यांच्यापासून पान सरकवून घेतले नाही, आणि कोलंबियातील सहाध्यायी व ड्यूई, सेलिगमन यांच्यासारखे अध्यापक हे आपल्या आयुष्यातील उत्तम स्नेही होत अशी साक्ष त्यांनी पुढे दिली. जेवण रुचले नाही, तरी पंगत रुचली. पुण्याच्या ब्राह्मण विद्यार्थ्याला परदेशी टेबल म्हणजे संकट वाटे, कारण तेथे बसल्याने घरचे पान जाण्याची धास्ती होती. ज्याला घरी पानच नव्हते त्याला ते टेबल म्हणजे जन्मातील पहिली पंगत होती.

१९२० साली ते पुन्हा परदेशी, लंडनला गेले तेव्हा मात्र पंगत नव्हती, टेबलही नव्हते. होती ती निव्वळ भूक. शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेनांनी दिलेले पाच हजारांचे कर्ज यांवर पुस्तके, फी, जागा आणि पोट चालवावयाचे. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा व चहा देई. दिवसभर ग्रंथालयात दुपारचे जेवण टाळून वाचन. आणि रात्री दहाच्या सुमारास पोटात आग पडली म्हणजे उपाय एकच. एका गुजराथी परिचिताने पापडांचा गठ्ठा दिलेला होता. पत्र्याच्या पातळ तबकडीवर चार पापड शेकावयाचे, पेलाभर बोव्हरिल म्हणजे मांसाचा अर्क गरम पाण्यात कालवून घ्यावयाचा, आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचावयास बसावयाचे. ज्याने सात वर्षांपूर्वी गोमांसामुळे वसतिगृह सोडले त्याच्या हाती आता बोव्हरिलचा पेला, आणि त्याच्याशी हिंदुस्थानातील पापड! देशी आणि परदेशी अन्नाचा असा संगम कोणा राजाच्या मुदपाकखान्यातही झाला नसेल. अर्थशास्त्रातील डी. एस्सी. त्या पापडांवर उभी आहे.

लंडनहून परतल्यावर त्यांनी काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आरंभीच्या कामांत कोणते काम हाती घेतले? ४ जानेवारी १९२५ रोजी आमच्याच जिल्ह्यात, सोलापुरास, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तेथे मुलांना राहण्याजेवण्याची, कपड्यांची व लेखनसाहित्याची तजवीज होती, आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला मासिक अनुदान मंजूर केले. ज्याला विद्यार्थ्याच्या भुकेचा हिशेब पै-पैसा ठाऊक होता त्याने प्रथम पंगत मांडली. करमाळा, माढा, बार्शी या बाजूच्या ज्या मुलांना पुण्यात वार मिळणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक स्वयंपाकघर पेटले, ही या जिल्ह्याच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. त्याच सुमारास साताऱ्यास भाऊराव पाटलांचे बोर्डिंग सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसवीत होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी त्याआधीच वसतिगृहांची रांग उभी केली होती. आणि १९३४ साली बार्शीस मामासाहेब जगदाळे यांनी शिक्षणसंस्था काढून खेड्यांतील मुलांची सोय केली. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगमध्ये मुलेच दळीत, मुलेच भाकऱ्या थापीत. तेथे वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. ज्याने स्वतः भाकरी थापली आहे आणि शेजाऱ्याची जात न विचारता ती मोडली आहे, त्याला इंग्लंडमधील उकडलेला बटाटा खाली उतरविण्यास कसले तत्त्वज्ञान लागणार?

यानंतरचा इतिहास सुखाचा, म्हणून थोडक्यात आटोपतो. १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ निघाले; त्याच्या स्थापनेत न. चिं. केळकर यांचा पुढाकार होता. गणपती, दिवाळीचा फराळ, नाटकाचा प्रवेश यांची सोय झाली आणि परदेशातील मराठी विद्यार्थ्याचा एकाकीपणा पुष्कळ कमी झाला. १९८१ साली अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. या मंडळांचे उपकार निर्विवाद. परंतु आठवड्याच्या अखेरीस पोहे-साबुदाणा खात मराठी मंडळींतच रमणारा विद्यार्थी ज्या गावात राहतो त्या गावाचा बाजार, तेथील सण, तेथील म्हातारीच्या हातचा पाव यांना पारखा राहतो, हेही तितकेच खरे. पूर्वी प्रायश्चित्ताने जे केले ते आता सोयीने होते.

इकडे करमाळा बदलले. १९८० च्या सुमारास उजनीचे धरण भरले, भीमाकाठची कित्येक गावे उठून दुसरीकडे वसली, आणि ज्या तालुक्यात शाळू व करडईपलीकडे दृष्टी जात नव्हती तेथे ऊस व केळी आली. कंदरच्या बाजूची केळी आज पेट्यांत भरून अरबांच्या देशांत जातात. केळ्यामागोमाग मुलेही जाऊ लागली: कोणी जर्मनीस यंत्रविद्या शिकावयास, कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी इंग्लंडला, कोणी बापाच्या जमिनीवर कर्ज काढून, तर कोणी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शासनाने ठेवलेल्या परदेश शिष्यवृत्तीवर. बैलगाडीऐवजी मोटार आणि जेऊरऐवजी विमानतळ, एवढाच फरक. शिदोरीत फरक नाही. कडक भाकरी, चटणी आणि येसर आजही पेटीत जाते, वजनाच्या काट्यावर एखादे पुस्तक कमी केले जाते पण चटणीचा डबा कमी होत नाही.

म्हणून करमाळ्याहून निघणाऱ्या मुलामुलींस चार शब्द सांगणे माझ्या वयाला शोभेल. चटणी अवश्य न्यावी, पण पहिला महिना डबा उघडू नये. त्या महिन्यात ज्या गावी उतराल तेथील भाकरी, तेथील रस्सा, तेथील आठवडी बाजार ओळखून घ्यावा, आणि जे व्रत पाळावयाचे असेल ते स्वतःच्या मनाने ठरवून पाळावे, गावच्या भीतीने नव्हे. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांना बोलवावे, सतरंजी अंथरून खाली बसवावे आणि पिठले-भाकरी हाताने खावयास लावावे. तेथे जे खाल्ले, ज्याने वाढले आणि जे पाहिले ते घरी मराठीत लिहून कळवावे. फोनवरचे बोलणे कोणी जपून ठेवीत नाही. ज्वारीचे पीठ मात्र थोडेच न्यावे. ते फार दिवस टिकत नाही, कडवट होते.